बारा ते चार

धाकटी वाडी, ता. मालवण
१६ नोव्हेंबर २०००

ति. प्रेमाताईस,
सुगंधाचा नमस्कार. भावोजींनाही सांग.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. ही बातमी मीच कळवलेली बरी, कारण आमच्या वाडीतलं तोंड एस.टी.च्या आधी कणकवलीला पोचतं. सोमवारी आमची वर्षू पाण्यात गेली होती. घाबरू नकोस, सुखरूप आहे. हे लिहितेय तेव्हा माझ्या मांडीला टेकून तांदळातले खडे वेचल्यासारखं करतेय आणि तांदूळच फेकून देतेय.

झालं असं. बालवाडी बाराला सुटते. होड्या अकराच्या पुढे लागतात, बाराच्या सुमाराला लिलाव, मग मी पाटी घेऊन दीडची गाडी पकडते ती बाजार करून चारला परत. बारा ते चार वर्षू दाजींकडे असते, हे तुला ठाऊक आहेच. सासूबाई गेल्यापासून माझ्या सासऱ्यांनी नातीचं सगळं आपल्याकडे घेतलंय. सोमवारी ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आमच्याच होडीत झोपली. भरती चढली, होडी तरंगली आणि पोर आत झोपलेलीच. नांगराचा दोर पक्का होता म्हणून वाचलो. वाडीतल्या धोंडूने पोहत जाऊन होडी ओढून आणली. ही बया डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "आये, भूक लागली." दाजी त्या वेळी तिथे नव्हते.

शिवा वर्षूचा बाप, पण त्याने तेव्हापासून स्वतःच्या बापाशी बोलणं टाकलंय. तुमच्या शिशुवर्गात मुलं सांभाळायला दिवसभर ठेवतात म्हणालीस ना दिवाळीत? सहज विचारते.

तुझी,
सुगंधा


कणकवली
२० नोव्हेंबर २०००

चि. सुगंधास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आधी देवाजवळ दिवा लावला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून आजच लिहिते.

बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या जिवावर साडेचार वर्षांची पोर तुम्ही टाकता आणि वर 'दाजी तिथे नव्हते' असं एका ओळीत लिहून मोकळी होतेस? तारीख बघितलीस का? त्रिपुरी पौर्णिमेनंतरची दुज, म्हणजे भर उधाण. उधाण कधी आणि पाणी न चढणारा भांग कधी, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दर्यावर गेलं त्याला त्या दिवशी भरती कुठवर येणार हे कळू नये? मला तर हे पटतच नाही. म्हातारा कुठे गप्पा हाणत बसला असेल.

आमच्या वर्गाचं विचारलंस म्हणून सांगते. साडेनऊला मुलं येतात ती पाचला जातात. सकाळी गाणी, गोष्टी. बाराला जेवण. साडेबारा ते अडीच चटया टाकून झोप, मी स्वतः एकेकाला थोपटते. उठल्यावर खाऊ, मणी ओवणं, चित्रं. फाटकाला कडी आहे आणि ती माझ्या हातात असते. तुमच्या बालवाडीत काय? दोन गाणी, वाटीभर उसळ आणि बाराला पोरं बाहेर. अर्ध्याच बाजूने कठडा बांधलेल्या विहिरीला कुणी कठडा म्हणत नाही.

वर्षूला माझ्याकडे पाठव. मे महिन्यापर्यंत तरी. सकाळी माझ्याबरोबर येईल, संध्याकाळी माझ्याबरोबर घरी. मला मूल नाही म्हणून मी हे बोलते असं तुझ्या मनात आलं, तर ते मनातच ठेव.

तुझी,
प्रेमाताई


धाकटी वाडी
२७ नोव्हेंबर २०००

ति. ताईस नमस्कार.

तुझं पत्र माझ्या हातात येण्याआधी शिवाच्या हातात गेलं आणि त्याने ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. दाजी समोर जाळं शिवत होते. 'गप्पा हाणत बसला असेल' इथवर आल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बरोबर लिवल्यान चेडवान," आणि उठून परसात गेले. त्या दिवसापासून ते पानावर बसतात पण ताटातला भात तसाच राहतो.

ताई, अर्ध्या दिवसाच्या बालवाडीला तू नावं ठेवलीस ती मला झोंबली. राधाबाई एकटी चोवीस पोरं सांभाळते आणि एकालाही चापट मारत नाही. आणि बारानंतर आमची वर्षू काय रस्त्यावर नसते. दाजी फाटकाशी उभे असतात. घरी येताना दोघं किनाऱ्याने येतात. ती बांगडा, तारली, पेडवा डोळे मिटून हाताने ओळखते. तुझ्या वर्गात मणी ओवतात, ही जाळ्याचे फासे चाळीसपर्यंत मोजते आणि चुकली तर दाजी पुन्हा एकपासून सुरू करायला लावतात. एवढं सगळं तुझ्या दोन तासांच्या झोपेत कुठे बसतं ते सांग.

पण शिवाने ठरवलं. म्हणतो, "माका परत ता बघूचा नाय. जांवदे ती मावशेकडे." मी नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणायला तोंड लागतं, आणि या बाबतीत मला ते नाही. का नाही, ते विचारू नकोस.

रविवारी तिला घेऊन येते. झोपताना डाव्या पायाला थोपटावं लागतं, उजव्या नव्हे. माशाचे काटे तिचे तिला काढू दे, येतात. रात्री दाराला कडी घातली की विचारते, "दाजी आत इले?" तेव्हा हो म्हण.

तुझी,
सुगंधा


कणकवली
१२ डिसेंबर २०००

चि. सुगंधास आशीर्वाद.

आठ दिवस झाले. वर्षालीचं उत्तम चाललंय, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. हो, इथे सगळे तिला वर्षाली म्हणतात. शाळेत पुरं नाव असावं. डबा संपवते. दुपारी इतर मुलांसारखी छान झोपते. दोन नवीन गाणी शिकली. यांनी तिच्यासाठी गुलाबी झबलं आणलं, ते अंगातून काढूच देत नाही.

आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या की पुऱ्या दिवसाच्या वर्गात मुलं महिनाभरात रुळतात, पण मधेच घरचं माणूस दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा नाताळच्या सुट्टीत येऊ नकोस. संक्रांतीनंतर बघू. एवढं माझं ऐक.

पालकाच्या जागी सध्या माझं नाव लिहिलंय. कागदोपत्री सोयीचं पडतं, एवढंच.

तुझी,
प्रेमाताई


धाकटी वाडी
२४ डिसेंबर २०००

ति. ताईस,

आज नमस्कार शेवटी करते. आधी लिहायचं ते लिहून टाकते, नाहीतर पुन्हा हात आखडेल.

काल राधाबाईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "गो सुगंधा, तुझो सासरो रोज बाराक येता. पोरां सुटतत, सगळी जाईपर्यंत उभो रवता, आणि मगे जाता. तेका कोणीतरी सांगा, वर्षू हयसर नाय म्हणान." मी तिला काय सांगू? त्यांना ठाऊक आहे ताई. त्यांनीच तिची पिशवी भरून दिली होती.

होडीत वर्षूला मी झोपवलं होतं.

त्या दिवशी दाजी तिला घेऊन नेहमीसारखे किनाऱ्यावरून चालले होते. लिलाव लांबला होता, पाटीत सुरमई होती आणि बर्फ संपला होता. मी म्हटलं, "दाजी, तुमी बर्फ घेऊन येवा, ह्या हयसरच ऱ्हवांदे." ते म्हणाले, "घरात सोडून जातंय." मी म्हटलं, "जावा हो, मासळी खराब जायत." पोर पेंगत होती. मी तिला उचलून आमच्या होडीत जाळ्यावर निजवलं. आपण दोघी नाही का वाढलो होडीत? आईने आपल्याला किती वेळा असंच टाकलं असेल. वाळूवरच्या होडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असं आपल्या बायका समजतात, आणि खरंच असते, भरती कुठवर येणार ते ठाऊक असेल तर. संध्याकाळी पुन्हा जायचं म्हणून शिवाने होडी पाण्याजवळच ठेवली होती. मी दुज विसरले. मी, जी तिथी बघितल्याशिवाय वाल भिजत घालत नाही, ती विसरले. दुसरी बाई बोली लावत होती, मी तिच्या वर बोलत होते, आणि मागे वळून बघितलं तर होडी जागेवर नव्हती.

दाजी बर्फ घेऊन आले तेव्हा धोंडू होडी ओढत होता. शिवाने ओरडून विचारलं, "पोर कोणाकडे होती?" मी तोंड उघडलं नाही. दाजी माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "माझ्याकडे." बस. तेव्हापासून सगळी वाडी त्यांना बोलते आणि मी त्यांच्या ताटात भात वाढते. तुझ्या पत्रातला शब्दन् शब्द माझ्यासाठी होता, आणि तो त्यांनी ऐकला.

आणखी एक. वाडीतल्या बायका बालवाडीवरून भांडायला उठल्या होत्या. सुभद्रा म्हणते, कणकवलीसारखी दिवसभराची करा. राधाबाई म्हणते, माझे दोनच हात, आणि दिवसभर पोरांना खायला काय घालू? मी बसल्या बसल्या विचार केला. होड्या अकराला लागतात. सकाळी आम्ही घरातच असतो, तेव्हा पोरं बालवाडीत. आम्ही कामाला लागलो की पोरं घरी. दहा ते बारा ही वेळ कचेरीचं घड्याळ बघून ठरवलेली, होड्या बघून नव्हे. मी म्हटलं, पुरा दिवस नको, आपला अर्धा दिवस द्या. बारा ते चार. बालवाडी महिला मंडळाचीच, कुणाची परवानगी नको. संक्रांतीनंतर तशी सुरू होतेय.

आता वर्षूला परत दे. शिवाला मी अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन, तोवर धीर नाही.

नमस्कार.
सुगंधा


धाकटी वाडी
९ जानेवारी २००१

ताई,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही. काल पोस्टाजवळच्या बूथवरून भावोजींच्या एस.टी. डेपोत फोन केला. भावोजी म्हणाले, "वर्षाली बरी आसा, पण तुझा पत्र खंयचा? माका कायच ठावक नाय." म्हणजे माझं पत्र तू त्यांना दाखवलंच नाहीस.

माझ्यावर रागावली असशील तर चार शिव्या घाल. मी त्याच लायकीची आहे. पण गप्प राहू नकोस, पोरीवरून गप्प राहू नकोस. मी आई म्हणून चुकले म्हणून आईपण गेलं असं तुझ्या मनात असेल तर तसं लिही. मी संक्रांतीला येते. फाटकाची कडी तुझ्या हातात असली तरी येते.

सुगंधा


कणकवली
११ जानेवारी २००१

सुगंधा,

सोमवारी हे डेपोतून आले ते चपलाही न काढता विचारू लागले, कुठलं पत्र? मी डब्यातून काढून दिलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "जेंची पोर, तेंका दी."

आता माझं ऐक.

पहिल्या दिवशी वर्षूने डबा खाल्ला, हात धुतले, पिशवी गळ्यात अडकवली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलं चटईवर आडवी झाली. मी म्हटलं, दमली की येईल. अडीच वाजेपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशीही तेच. आजपर्यंत तेच. एक दुपार ती झोपलेली नाही, सुगंधा. मी तुला झोपते म्हणून लिहिलं ते खोटं. रडत नाही. रडली असती तर कडेवर तरी घेतलं असतं. कडीला हात लावत नाही, नुसती रस्त्याकडे बघते. विचारलं तर म्हणते, "बारा वाजले. दाजी येतले."

चौथ्या दिवशी माझा पारा चढला. मी तिला म्हटलं, दाजी येणार नाहीत, त्यांनीच तुला पाण्यात सोडलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चार वर्षांची. म्हणाली, "दाजी बर्फ आणूक गेल्ले. माका आयेन निजयल्यान."

म्हणजे तुझं पत्र यायच्या तीन आठवडे आधी मला खरं कळलं होतं. आणि तरी मी तुला लिहिलं की उत्तम चाललंय, येऊ नकोस. हिशेब सोपा होता. दोष दाजींवर राहिला तर पोर माझ्याकडे राहते. तू खरं बोललीस तर तिला न्यायला येणार. एका म्हाताऱ्याची वाडीत काय दशा होत असेल ते मला दिसत होतं, आणि मी गुलाबी झबल्याला बटणं लावत बसले. त्या फॉर्मवर माझं नाव लिहिलं त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिचा हात धरून घरी जाताना वाटायचं, लोकांनी बघावं. लग्नाच्या बारा वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं. याच्यावर तुला जे म्हणायचं ते म्हण.

पुरा दिवस बरा की अर्धा, यावर मी तुला एवढं मोठं व्याख्यान दिलं. आमच्या वर्गातल्या बावीस मुलांना तो हवाच आहे, त्यांच्या आया पाचला सुटतात. पण त्यांची मुलं पाचची वाट बघतात. आपली बाराची बघते. थोपटून थोपटूनही मी तिला पाचची वाट बघायला शिकवू शकले नाही.

संक्रांतीला येऊ नकोस. रविवार आहे, वर्ग बंद. आणि तू येऊच नकोस. सोमवारी दाजींना पाठव. बरोबर बाराला, फाटकाशी. मी कडी काढून ठेवते.

प्रेमाताई


धाकटी वाडी
१६ जानेवारी २००१

ति. ताईस,
धाकटीचा नमस्कार, आणि तिळगूळ सोबत. फुटला असेल तर चुरा खा.

तुझं पत्र शनिवारी आलं. या खेपेला ओसरीवर मी वाचलं, मोठ्याने, सगळंच, आणि मधे जिथे तू लिहिलं नव्हतंस तिथे होडीचं मी सांगितलं. शेजारची सुभद्रा कुंपणाशी होती, तिलाही ऐकू जावं असं सांगितलं. शिवा उठला, बाहेर गेला, परत आला. मला वाटलं हात उगारतो की काय. तो बापाच्या समोर जाऊन बसला. म्हणाला, "दाजी, तुमी सांगलात कित्याक नाय?" दाजी म्हणाले, "माझ्यावरचो भरवसो गेलो तर काय व्हता? म्हातारो मी. आयेवरचो गेलो तर पोरान खंय जावचा?" मी तेव्हा रडले. इतके दिवस रडू आलं नव्हतं, लाज वाटत असली की रडूही येत नाही.

काल ते पहाटेच्या गाडीने निघाले, साडेनऊलाच तिथे पोचले आणि बारापर्यंत रस्त्यापलीकडच्या काजूच्या झाडाखाली बसून राहिले. मी विचारलं, आत का नाही गेलात? तर म्हणे, "तिची येळ बाराची." तू फाटकाशी नव्हतीस म्हणाले, आत पोरांना वाढत होतीस. कडी मात्र काढलेली होती. वर्षू पिशवी घेऊन आली, त्यांना बघितलं, धावली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "दाजी, बारा वाजून गेले."

दाजी म्हणाले, "व्हय गो बाय, वाईच उशीर झालो."

कणकवलीचं स्टँड सुटायच्या आत ती त्यांच्या मांडीवर झोपली ती मालवणपर्यंत. सहा आठवड्यांची झोप एकदम. दाजींचा पाय आज सकाळीही आखडलेला होता, पण कुरकुर नाही.

आज नवी बालवाडी भरली, बारा ते चार. आणि इथे आमच्या लक्षात न आलेली गोष्ट निघाली. ही वेळ दाजींची होती. आम्ही बायकांनी आपली सोय बघितली आणि त्यांचे चार तास राधाबाईला देऊन टाकले. त्यांनी बाराला तिला सोडलं, बाहेरच्या पायरीवर जाळं पसरलं आणि तिथेच शिवत बसले. उद्यापासून सकाळचे दोन तास त्यांचे, असं मी ठरवलंय. राधाबाई तर म्हणते, पोरांना फासे मोजायला शिकवा, आत या.

चारला मी गाडीतून उतरले. बालवाडीसमोर शिवा होता, बाकीच्या बायका आपापली पोरं घ्यायला आल्या होत्या. माझं बोलणं वाडीभर झालेलं, कुणी धड माझ्याकडे बघत नव्हतं. मी लांबच थांबले. तेव्हा दाजी उठले, वर्षूचा हात धरला, सगळ्यांच्या मधून तिला चालवत आणलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. म्हणाले, "धर. आज भांग आसा, पाणी वर चढूचा नाय."

ताई, गुलाबी झबलं ती अजून काढू देत नाही. होळीला ये. बाराच्या आत ये, म्हणजे तीच तुला न्यायला स्टँडवर येईल.

तुझी,
सुगंधा